बाँडचा पुतण्या आणि खिशातले चिंचोके

जेम्स बाँडला एक पुतण्या आहे, हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत असेल. त्याचंही नाव जेम्स बाँडच, मागं 'ज्युनिअर' लावलेलं. इंग्लंडमधल्या वॉरफिल्ड अकॅडमी नावाच्या निवासी शाळेत तो शिकतो आणि शिकता शिकता काकाच्या जुन्या शत्रूंशी जगभर झुंजत हिंडतो. १९९१ साली हे कार्टून टीव्हीवर आलं, त्याचे ६५ भाग झाले आणि विषय संपला. मला ते सापडलं अलीकडं, मोबाईलवर. लातूरला गंजगोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एकावर आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार तिकडं चिटपाखरू फिरकत नाही. अशाच एका दुपारी एक भाग बघितला, मग दुसरा, आणि मग बघतच गेलो. गोष्ट फार रंगली म्हणून नव्हे. त्यात जे जे नाहीसं केलं होतं, ते मला दिसायला लागलं होतं म्हणून.

या कार्टूनच्या दोनच वर्षं आधी, १९८९ मध्ये, 'लायसन्स टु किल' हा बाँडपट आला होता. ब्रिटनच्या सेन्सॉरनं बाँडच्या सिनेमाला 'पंधरा वर्षांखालच्यांना मनाई' असं प्रमाणपत्र पहिल्यांदा दिलं ते या सिनेमाला. त्यात बाँडचा जिवलग अमेरिकन मित्र फेलिक्स लायटर याचं लग्न होतं आणि लगोलग सूडाला सुरुवात होते. नवरीचा खून होतो, लायटरला शार्कच्या तोंडी दिलं जातं, तो अर्धमेला सापडतो. बाँड नोकरी लाथाडून बदला घ्यायला निघतो. आता कार्टून बघा. ज्युनिअरच्या वर्गात गोर्डो नावाचा धिप्पाड, सोनेरी केसांचा, सदा हसतमुख पोरगा आहे. तो फेलिक्स लायटरचा मुलगा. बाप शार्कच्या जबड्यातून अजून नीट बाहेर आला नाही तोच मुलगा कार्टूनमध्ये मित्रांना टाळ्या देत हसतोय.

सगळ्यांचं असंच आहे. बाँडला नवनवी यंत्रं करून देणारा म्हातारा क्यू, त्याचा नातू आय. क्यू. इथं वर्गमित्र म्हणून हजर. डॉक्टर नो १९६२ च्या सिनेमात अणुभट्टीच्या पाण्यात बुडून मेला होता, तो इथं हिरव्या कातडीचा होऊन परत आला आहे. गोल्डफिंगर १९६४ मध्ये विमानाच्या खिडकीतून बाहेर ओढला गेला होता, तोही जिवंत आहे आणि त्याला एक मुलगीसुद्धा आहे. टोपी फेकून माणूस मारणारा ऑडजॉब विजेचा धक्का बसून गेला होता, तो टोपीसकट हजर. पोलादी दातांचा जॉज सिनेमात जवळपास तोंडातून शब्द काढत नाही आणि म्हणूनच त्याची धडकी भरते. कार्टूनमध्ये तो बडबड करतो. यातलं कुणी मरत नाही, कुणी कुणाला मारतही नाही. भाग संपताना दुष्ट माणसं पळून जातात, पुढच्या भागात पुन्हा येतात. काका मात्र एकदाही समोर येत नाही. त्याचं नाव तेवढं सगळ्यांच्या तोंडी.

पुतण्याच का घेतला असेल, मुलगा का नाही, याचा मी बराच विचार केला. पुतण्याची कल्पना त्याआधीची आहे. १९६७ मध्ये इंग्रजीत मुलांसाठी एक पुस्तक निघालं होतं, त्यातही बाँडचा पुतण्याच नायक होता. मुलगा म्हटला की आई आली, संसार आला, घर आलं. बाँडचा संसार काही तासांचाच. १९६९ च्या सिनेमात त्याचं लग्न होतं आणि त्याच दिवशी रस्त्यात त्याच्या बायकोला गोळी घातली जाते. तिचं नाव ट्रेसी. आता कार्टूनमध्ये ज्युनिअरच्या शाळेत मुख्याध्यापकांची एक मुलगी आहे, ज्युनिअरची जवळची मैत्रीण. तिचंही नाव ट्रेसी. ज्यानं तो जुना सिनेमा बघितलाय त्याला ते नाव ऐकताना कसंतरी होतं. ज्या पोरांसाठी हे कार्टून आहे त्यांना काहीच होत नाही, कारण त्यांच्यापर्यंत ते दुःख येऊच दिलेलं नाही.

६५ हा आकडा गोष्टीच्या गरजेतून आलेला नाही. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग असे तेरा आठवडे धरले की ६५ होतात. अमेरिकेत शाळा सुटल्यावर लागणाऱ्या कार्टूनांचा माल याच मापानं घेतला जायचा. १९८४ मध्ये तिथल्या सरकारी खात्यानं मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातीचे निर्बंध सैल केले. त्यानंतर खेळणी विकण्यासाठीच कार्टून काढण्याला रान मोकळं झालं. १९८६ मध्ये रॅम्बोचं कार्टून आलं, तेही बरोबर ६५ भागांचं. मूळचा १९८२ चा रॅम्बो म्हणजे व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला, ज्याला गावात कुणी थारा देत नाही असा सैनिक. शेवटी तो आपल्या जुन्या साहेबासमोर लहान मुलासारखा रडतो. त्या रडणाऱ्या माणसाचं मुलांसाठी खेळणं करून झालं, तेव्हा बाँडचं काय घेऊन बसलात? ज्युनिअरचं कार्टून काढणारी कंपनी म्हणजे निन्जा कासवांचं कार्टून काढणारीच. खेळणी निघाली, कॉमिक निघालं, व्हिडिओ गेम निघाला, गोष्टींची पुस्तकं निघाली. मोठ्यांचा बाँड मात्र त्या सुमारास कोर्टकचेरीत अडकला होता. १९८९ नंतर थेट १९९५ पर्यंत एकही बाँडपट आला नाही. त्या मधल्या काळात नाव बाजारात खेळतं ठेवलं ते या पुतण्यानं.

हा व्यवहार मला चांगला कळतो, कारण त्याचं शेवटचं टोक आमच्या काउंटरवर येतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आईवडील वह्यांची यादी घेऊन आलेले असतात, डझनाचा भाव विचारतात, खाकी कव्हरं मोजून घेतात. पोरांचं लक्ष सगळं वर टांगलेल्या दप्तरांकडं. पोरगं शिवण बघत नाही, चेन बघत नाही, पट्टे किती रुंद आहेत ते बघत नाही. चित्र बघतं. गेल्या काही वर्षांत जी चित्रं हातोहात गेली, त्यात लिटल सिंघम आहे. कंपासपेटी, डबा, वॉटरबॅग, नावाचे स्टिकर, सगळ्यावर तो. डुप्लिकेट माल तर इतका येतो की एका गठ्ठ्यात दहा सिंघम असले तर दहांचे चेहरे दहा तऱ्हेचे, एखाद्याच्या मिशीचा रंगसुद्धा वेगळा. पोरांना ते चालतं. वर्दी आणि ऐट दिसली की झालं.

लिटल सिंघम हा आपल्याकडचा त्याच वाटेवरचा प्रकार. हेरगिरीच्या जागी पोलीसगिरी, एवढाच फरक. तमिळ सिनेमावरून २०११ मध्ये हिंदी 'सिंघम' आला. अजय देवगणचा बाजीराव सिंघम म्हणजे मराठी बोलणारा, तापट पण सरळ इन्स्पेक्टर. २०१८ मध्ये डिस्कव्हरी किड्स वाहिनीवर त्याचं कार्टून सुरू झालं. ते काढणारा स्टुडिओ पुण्याचा आणि सोबत रोहित शेट्टीची कंपनी. इथं काका-पुतण्याची भानगड ठेवली नाही, सिंघमलाच लहान करून टाकला. तो मिर्ची नगर नावाच्या गावात राहतो आणि एवढुसा असूनही पोलिसाच्या वर्दीत असतो.

मूळ सिनेमाची सुरुवात आठवून बघा. एका प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्यावर खोटा आळ येतो, तो स्वतःला गोळी घालून घेतो, आणि त्याची बायको पुढं न्यायासाठी दारोदार फिरते. तो सिनेमा चिडलेला आहे आणि त्याची चीड खात्यातल्याच माणसांवर आहे. कार्टूनमध्ये दुष्ट लोक बाहेरून येतात. राक्षस येतो, नाहीतर डोकं फिरलेला शास्त्रज्ञ येतो. खात्यात सगळं ठाकठीक. बाँडच्या बाबतीत घडलं तेच इथंही घडलं. नाव ठेवलं, पोशाख ठेवला, गाणं ठेवलं, आणि ज्या गोष्टीमुळं तो माणूस तसा झाला होता ती गोष्ट काढून टाकली.

पोरांना रक्त दाखवा असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही कार्टूनं मोठ्यांची भीती काढून टाकतात आणि तिच्या जागी मुलांची भीती ठेवत नाहीत. जागा रिकामीच राहते. मुलांना भीती नसते असं धरून चाललेलं असतं. पण मुलं दिवसभर कशाकशाला भीत असतात. वहीवर लाल शेरा येईल, आई घरी नसेल, मोठी पोरं बॉल घेऊन जातील, आपण सांगितलेलं कुणाला खरं वाटणार नाही. यातली शेवटची भीती तर हेराचीच. आपल्याला एक गोष्ट कळली आहे आणि ती कुणाला सांगता येत नाही, याहून हेरगिरी ती काय असते?

माझी भाची उदगीरला असते, दुसरीत आहे. सुट्टीत आली की दुपारी माझ्यासोबत दुकानात बसते, खोडरबरांचे रंग लावून ठेवते. तिला मी ज्युनिअर बाँडचा एक भाग दाखवला. इंग्रजी तिला कळत नव्हतं, मी मधूनमधून सांगत होतो. ज्युनिअर आणि त्याचे मित्र शाळा सोडून परदेशात पोचले, दुष्टांच्या तावडीत सापडले, सुटले. बॉम्ब होता, सापळा होता, विमान होतं. भाची शांतपणे सगळं बघत होती. मग तिनं मला विचारलं,

"मामा, ह्यांची हजेरी कोण लावायलंय?"

मला आधी कळेचना. तिनं समजावून सांगितलं. ही पोरं हॉस्टेलला आहेत ना. मग एवढे दिवस गेली कुठं म्हणून बाई विचारत नाहीत का? तिच्या शाळेत दोन दिवस दांडी झाली तर घरून चिठ्ठी आणावी लागते, वडिलांची सही लागते. ह्याचे काका तर कधी दिसतच नाहीत, मग सही कोण करतं? बॉम्बची तिला काडीची फिकीर नव्हती. बॉम्ब फुटणार नाही हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. ६५ भाग लिहिणाऱ्यांच्या जे ध्यानात आलं नाही ते तिला दिसलं, कारण तिच्या उंचीवरून तोच खरा पेच होता.

तेव्हा मला भा. रा. भागवत आठवले. आठवले म्हणजे दुकानाच्या मागच्या फळीवर त्यांची पुस्तकं असतातच. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेच्या वसतिगृहात राहणारा, तोंडानं 'ट्टॉक' आवाज काढणारा, काटकुळा, सायकलवर बसला की वाऱ्यासारखा सुटणारा. तोही निवासी शाळेतला, तोही लफड्यांत सापडणारा, तोही चोरांच्या आणि कारस्थानी माणसांच्या मागावर जाणारा. पण फास्टर फेणेच्या नावामागं कुणी काका नाही. त्याला कुठली यंत्रं मिळत नाहीत. नजर, पाय आणि सायकल एवढ्यावर त्याला भागवावं लागतं. मोठी माणसं त्याच्यावर विश्वास ठेवतील की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढं सारखा असतो. धाडस पोराच्या अंगाला बेतून शिवलेलं आहे, मोठ्याचा कोट बाह्या दुमडून घातलेला नाही.

भागवत १९१० मध्ये जन्मले आणि २००१ मध्ये गेले. एवढ्या आयुष्यात त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढलं. त्यांच्या लिखाणात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की ते पोराला कधी खाली वाकून बोलत नाहीत. संकट आलं तर ते खरंच संकट असतं. पुढच्या पानावर काय होईल याची काळजी लागते. लहानपणी पंख्याखाली पालथं पडून वाचताना लाइट गेली तर आम्ही पुस्तक घेऊन ओट्यावर पळायचो, इतका जीव टांगणीला असायचा. मोठी माणसं त्या काळी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचायची, धनंजय, झुंजार, काळापहाड. त्या आमच्या हाती लागू नयेत म्हणून कपाटावर ठेवलेल्या असायच्या, आणि आम्ही त्या वाचायचोच. पण अर्नाळकरांच्या धनंजयाला लहान करून 'बाल धनंजय' विकावा असं आमच्या लहानपणी कुणाला सुचलं नाही. फेणे असताना त्याची गरजही नव्हती.

पुढं गंमत अशी झाली की मराठीत उलटा प्रवास घडला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली, सुमीत राघवन तेव्हा लहान होता, तो फेणे झाला. आणि २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी 'फास्टर फेणे' सिनेमा काढला, त्यात अमेय वाघचा फेणे मोठा झालेला आहे. निर्माते आमच्या लातूरचेच, रितेश देशमुख. जगभर मोठ्या नायकांना लहान करून विकत असताना इथं लहान मुलांच्या नायकाला मोठं केलं गेलं. आणि मोठं करताना त्याला कशाशी झुंजायला लावलं? वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्याशी. फेणे परीक्षा द्यायला पुण्यात येतो, परीक्षेच्या वेळी भेटलेला एक पोरगा मरतो, त्यानं आत्महत्या केली असं सगळे म्हणतात, आणि याला ते पटत नाही.

हा सिनेमा लातूरात बघणं काय असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. लातूर पॅटर्नच्या नावानं आमच्या गावात दर वर्षी कुठून कुठून पोरं येतात. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं-तिघं, भिंतीवर सूत्रांचे कागद, मेसचा डबा, पहाटेपासून क्लास. ती पोरं आमच्या दुकानात येतात. दोनशे पानी वह्या, निळं पेन, जाड टोकाचं पिवळं हायलाइटर. काही जण महिनोन्‌महिने येतात आणि एक दिवस यायची बंद होतात. घरी गेला असेल, दुसरीकडं क्लास लावला असेल, असं आम्ही आपलं म्हणतो. थेटरात त्या दिवशी निम्मी पोरं याच वयाची होती. पडद्यावर त्या मुलाच्या मरणावर कुणी शंका घेतोय हे बघताना मागच्या रांगांतला गोंगाट एकदम थांबला होता. तिथं जी भीती होती ती कुणी उसनी आणलेली नव्हती. दिलीप प्रभावळकरांनी त्या सिनेमात खुद्द भा. रा. भागवतांची भूमिका केली आहे. लेखक स्वतःच आपल्या मोठ्या झालेल्या पोराला घरी ठेवून घेतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मानतो.

बाँडच्या वारसदारांनाही उशिरा का होईना हे उमगलं असं म्हणायला जागा आहे. २००५ मध्ये त्यांच्याच परवानगीनं चार्ली हिग्सन यांनी किशोर बाँडच्या कादंबऱ्या सुरू केल्या. इथं पुतण्या नाही. १९३० च्या दशकातला, ईटन शाळेत शिकणारा खुद्द जेम्स. आईबाप डोंगर चढताना अपघातात गेलेले, आत्यानं सांभाळलेला. पहिल्याच पुस्तकात स्कॉटलंडमधलं एक तळं आहे, त्यात वाम मासे आहेत, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. या पोराला मार बसतो, दम लागतो, एकटेपणा वाटतो. मोठेपणी हा माणूस असा का झाला त्याची चाहूल त्यात आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर येतं. फक्त दप्तर डोळ्यांपुढं ठेवून करायला बसलं की येत नाही.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, परंड्याकडच्या एका खेड्यातले. तो मुलूख सगळा निजामाचा. लातूरसुद्धा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. देश १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, मराठवाडा झाला नाही. तेरा महिने वाट बघावी लागली, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरलाच वकिली करणारा माणूस, हे आमच्या गावातल्या जुन्या लोकांना कधी विसरता आलं नाही. हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं माणसं तिकडं जायची, रात्री हद्द ओलांडून परत यायची, करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, नाके जाळायची. उमरीची बँक १९४८ च्या जानेवारीत लुटली गेली ती याच लढ्यासाठी. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके बंदुका-बॉम्ब पोचवायच्या. हे सगळं पाठ्यपुस्तकात दोन-चार ओळींत येतं.

आबा तेव्हा गुरं राखणारं पोर. नाक्याच्या अंगाला चांगली चराई होती म्हणून ते म्हशी तिकडं न्यायचे. गावातल्या एकानं त्यांना काम सांगितलं. नाक्यावर माणसं किती आहेत, बंदुका किती, घोडे किती, एवढं ध्यानात ठेवायचं आणि संध्याकाळी सांगायचं. आबांना शाळा नव्हती, आकडे वीसच्या पुढं जायचे नाहीत. म्हणून त्यांनी बंडीच्या खिशात चिंचोके ठेवले. बंदूकवाल्यामागं एक अख्खा चिंचोका, नुसत्या काठीवाल्यामागं फोडलेली डाळ, घोड्यामागं एक खडा. डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात टाकत जायचं. पोराच्या खिशात चिंचोके असणारच, कुणाला काय वाटायचंय.

एके दिवशी नाक्यावरच्या एका जवानानं त्यांना हाक मारली. खिशात काय आहे म्हणून विचारलं. आबांनी चिंचोके काढून दाखवले. तो माणूस तरणाच होता, बसून बसून कंटाळला असावा. त्यानं मातीत घर आखलं आणि म्हणाला, चल, एक डाव होऊन जाऊ दे. आबा त्याच्याशी खेळले. तो हसत होता. खेळ संपल्यावर त्यानं सगळे चिंचोके एकत्र करून आबांच्या ओंजळीत घातले, पाठीवर थाप मारली आणि जा म्हणाला.

आणि आबांचा हिशोब मोडला. उजव्या खिशातले किती, डाव्यातले किती, काही कळेना. त्यांनी संध्याकाळी अंदाजानं आकडा सांगितला. आपण सांगितलेल्या आकड्यावर कुणी तरी रात्री येणार, आकडा कमी पडला तर आपली माणसं मरतील, जास्त झाला तर येणारच नाहीत. आईला सांगायची सोय नाही, बापाला तर नाहीच. रात्रभर त्यांना हगवण लागली आणि आईनं त्यांना ओवा खायला घातला. आबांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली तेव्हा नाक्याचं पुढं काय झालं ते सांगितलंच नाही. ते ओव्याचं सांगायचे, आणि त्या पोरसवदा शिपायाचं. तो बरा खेळायचा, असं म्हणायचे.

आबांचा मोडलेला हिशोब मी ज्युनिअरच्या कार्टूनमध्ये शोधत होतो, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. ६५ भागांत ज्युनिअरचा एकही अंदाज असा चुकत नाही की ज्याचं ओझं त्याला घरी घेऊन झोपावं लागेल. शत्रू त्याच्याशी डाव मांडून बसत नाही. शत्रूला कातडी हिरवी दिली की मग त्याला कंटाळा येतो, तोही कुणाचा तरी पोरगा आहे, हे दाखवायची गरजच राहत नाही.

मराठवाड्यातल्या त्या तेरा महिन्यांवर मुलांसाठी एक कार्टून व्हावं असं मला मनापासून वाटतं. पुण्यात स्टुडिओ आहेत, चित्रं काढणारी पोरं आमच्या भागातूनही तिकडं गेली आहेत. नायक पहाडाएवढा नको. म्हशी घेऊन सांजेच्या आत घरी पोचावं लागणारा हवा, नाहीतर आईच्या शिव्या. त्याच्याजवळ यंत्र नको, नाक्याकडं बघायला झाडाचा शेंडा पुरे. त्याला मोजता येत नसावं आणि मोजणं भागच असावं. एखादी पोरगी हवी, तिनं बांगड्यांच्या पाटीखालून चिठ्ठी नेलेली हवी आणि चिठ्ठीत काय आहे ते वाचता येत नाही म्हणून तिनं रागानं अक्षरं शिकायला घेतलेली हवीत. दुष्ट माणसं पुढच्या भागात परत आली तरी चालेल, पण गेल्या भागात जो माणूस गेला तो गेला, एवढा नियम पाळा. ६५ भागांचा हट्ट नको. १९४७ च्या ऑगस्टपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत महिन्याला एक भाग केला तरी पुष्कळ झालं. शाळेला सुट्टी कधी आणि हजेरीचं काय, हे माझ्या भाचीला विचारून घ्या, ती सांगेल.

दप्तरावर छापायला त्यात वर्दी नसेल, पिस्तूल नसेल, गाडी नसेल. मळक्या बंडीतलं एक पोरगं असेल. डिस्ट्रिब्युटर म्हणेल, हे खपायचं नाही. तरी पहिल्या गठ्ठ्याची ऑर्डर आमच्या दुकानाची धरा, पैसे आगाऊ देतो.